स्वस्तात सर्किट बोर्ड शिकवताना : सॉफ्टवेअर कोणतं निवडावं?



आज एक तांत्रिक विषय घेतोय, पण घाबरू नका. या लेखात सर्किटपेक्षा माणसंच जास्त आहेत. शाळेत विज्ञान प्रदर्शन करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आणि घरात वायरी, बॅटऱ्या, एलईडी घेऊन बसणारं पोर असलेल्या प्रत्येक पालकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. सर्किट बोर्ड कॉम्प्युटरवर काढायचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? आणि त्यासाठी पैसे किती घालायचे?

माझं उत्तर सांगतो, पण आधी मी काय काय चुकलो ते सांगतो. उत्तर एका ओळीत मावतं. चुकांमधून मात्र शिकायला जास्त मिळालं.

सुरुवात कशी झाली

मी नशिराबादला राहतो. जळगावहून भुसावळकडे निघालात की महामार्गालगत आमचं गाव लागतं. आजूबाजूला केळी, कापूस, विहिरी आणि बोअर. जिथे विहीर तिथे मोटार, आणि जिथे मोटार तिथे ती जळणं आलंच. त्यामुळे मोटार वाइंडिंगची दुकानं आमच्याकडे चांगली चालतात.

अशाच एका दुकानदाराची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात होती. वडिलांसोबत दुकानात बसून बसून तिला तांब्याच्या तारेची, सोल्डरिंगची, मल्टिमीटरची भीती राहिली नव्हती. एक दिवस तिने विचारलं, "सर, विहिरीतलं पाणी संपलं की मोटार कोरडी चालते आणि जळते. पाणी संपायच्या आत वाजेल अशी घंटी करता येईल का?"

मला प्रश्न फार आवडला, कारण तो पुस्तकातून आला नव्हता. पाणबुडी मोटारीला थंड ठेवायचं काम भोवतालचं पाणीच करतं. पाणी गेलं की मोटार तापते आणि वाइंडिंग जळतं. हे त्या मुलीला पाठ करावं लागलं नव्हतं. रोज जळलेल्या इनॅमलच्या वासात बसून ती अभ्यास करायची.

सर्किट सोपं होतं. दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, चार-पाच रेझिस्टर, एक बझर, एक बॅटरी आणि पाण्यात सोडलेल्या दोन तारा. तारा पाण्यात आहेत तोवर पहिला ट्रान्झिस्टर चालू राहतो आणि दुसऱ्याला दाबून धरतो. पाणी तारांच्या खाली गेलं की पहिला बंद पडतो, दुसरा सुटतो आणि बझर वाजतो. बस, एवढंच.

झिरो पीसीबीवर तिने ते दोन दिवसांत जोडलं. झिरो पीसीबी म्हणजे भोकाभोकांची तयार पट्टी, आपल्याकडे दुकानात याच नावाने मिळते. बझर वाजला. पण मागून पाहिलं तर वायरींचा नुसता गुंता! एक वायर हलली की बझर बंद. तिने तोंड वाकडं केलं. म्हणाली, "सर, टीव्हीच्या आत असतो तसा हिरवा बोर्ड आपल्याला नाही का करता येणार?"

येतो की! तिथून माझी शोधाशोध सुरू झाली.

चूक पहिली : 'सगळेच वापरतात' ते सॉफ्टवेअर

मी ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. त्याने पेन ड्राइव्ह दिला. "सर, हे घ्या, कंपन्या वापरतात तेच आहे. लाखांचं सॉफ्टवेअर आहे, क्रॅक आतच आहे. अँटिव्हायरस बंद करा आणि टाका."

खरं सांगतो, मी घेतला. शाळेच्या कॉम्प्युटरवर टाकायलाही बसलो. अँटिव्हायरस बंद करायला बोट पुढे केलं तेव्हा ती मुलगी शेजारीच उभी होती. तिने सहज विचारलं, "सर, क्रॅक म्हणजे काय?"

मी काय सांगणार? 'कुलूप तोडलेलं' असं सांगू? दोनच दिवस आधी चाचणीत कॉपी केली म्हणून मी याच वर्गातल्या दोघांना बाहेर उभं केलं होतं. उत्तर न देता मी पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला.

इथे एक गोष्ट आपण सगळ्यांनीच लक्षात ठेवू या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमही येतो. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती वापरली, तर ६३ ब या कलमाखाली कैद आणि दंडाची तरतूद आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी शिक्षकाच्या दृष्टीने मोठा प्रश्न वेगळा आहे. क्रॅकवर शिकलेलं मूल घरी जाऊन काय करणार? क्रॅकच शोधणार. म्हणजे विद्या देताना आपण तिच्या हातात चोरीची चावीही देतो. शिवाय त्या पेन ड्राइव्हमधून शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये आणखी काय काय शिरेल, ते वेगळंच.

अल्टियम किंवा ऑरकॅड यांसारखी महागडी सॉफ्टवेअर वाईट आहेत असं मुळीच नाही. मोठ्या कंपन्यांत, दहा-बारा थरांच्या बोर्डांसाठी ती लागतात. पण दहा पार्टच्या घंटीसाठी ती घेणं म्हणजे ओंजळभर पाण्यासाठी दहा हॉर्सपॉवरची मोटार लावण्यासारखं आहे.

चूक दुसरी : फुकट, पण दुसऱ्याच्या घरात

मग मी ब्राउझरमध्ये चालणारं एक मोफत साधन शोधलं. काही डाउनलोड करायची गरज नाही, खातं उघडा आणि काम सुरू करा. मुलांना ते पटकन जमलं. आमची विहिरीची घंटीही त्यावरच काढली. मी खूश होतो.

तालुका प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी एक बदल करायचा होता. बझरची भोकं चुकली होती. नेमकी तेव्हा लाइट गेली. लाइट आली तर नेट आलं नाही. मोबाइलच्या नेटवर ते पान उघडेचना. आणि चित्राची एकही प्रत आमच्या कॉम्प्युटरवर नव्हती. रात्री साडेनऊपर्यंत बसलो. शेवटी ती म्हणाली, "सर, राहू द्या. झिरो पीसीबीवालाच नेऊ."

नेला. प्रदर्शनात मधेच एक वायर सुटली आणि परीक्षकांसमोर बझर वाजलाच नाही. तिने डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही, पण परतताना एसटीत ती एक शब्दही बोलली नाही.

त्या साधनाचं नाव घेत नाही, कारण चूक त्याची नव्हती. चूक माझी होती. मी 'फुकट आहे का' एवढंच विचारलं. 'नेट गेलं तर काय' आणि 'माझं चित्र राहतं कुठे' हे विचारलंच नाही.

मग केला तो खरा अभ्यास

दिवाळीच्या सुट्टीत मी बसून वेगवेगळी सॉफ्टवेअर पाहिली. थोडक्यात सांगतो.

*टिंकरकॅड* : ब्राउझरमध्ये चालतं, मोफत आहे. सहावी-सातवीच्या मुलांना सर्किट म्हणजे काय ते खेळत खेळत कळतं. एलईडीला रेझिस्टर लावला नाही तर तो पडद्यावरच फुटतो, मुलं हसतात आणि शिकतात. पण ते सर्किट समजायला आहे, पीसीबी काढायला नाही.

*फ्रिट्झिंग* : जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या एका संस्थेत याची सुरुवात झाली. ब्रेडबोर्डचं चित्र हुबेहूब दिसतं, त्यामुळे वहीत किंवा प्रकल्पाच्या अहवालात आकृती द्यायला छान. तयार आवृत्ती डाउनलोड करायला थोडे पैसे द्यावे लागतात. बोर्ड काढता येतो, पण ट्रॅकवर हवा तसा ताबा मिळत नाही असं मला वाटलं.

*ईझीईडीए* : मोफत. ब्राउझरमध्येही चालतं आणि कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आवृत्तीही आहे. पार्टची यादी प्रचंड. नेट चांगलं असेल तर नवशिक्याला सोपं जातं.

*ईगल* : एकेकाळी छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांचं सगळ्यांत लाडकं सॉफ्टवेअर. १९८८ पासूनचं, जर्मनीतलं. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्क कंपनीकडे गेलं, पुढच्याच वर्षी ते वर्गणीवर सुरू झालं. मोफत आवृत्तीत बोर्ड ८० चौरस सेंटीमीटरपर्यंत आणि दोनच थरांचा. आपल्या कामाला हे पुरलं असतं. पण २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ७ जून २०२६ नंतर हे सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे चालणार नाही. म्हणजे पाहा, इतकं नावाजलेलं साधन, तरी मालकाने ठरवलं की दुकान बंद!

*कायकॅड* : हे पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोताचं आहे. १९९२ मध्ये झाँ-पिएर शारास या फ्रेंच शिक्षकाने ते सुरू केलं. होय, शिक्षकच! ग्रेनोबलच्या तंत्रशिक्षण संस्थेत ते शिकवत होते. पुढे २०१३ पासून सर्न या संस्थेने त्यात हातभार लावला. सर्न म्हणजे जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात कण धडकवणारी प्रयोगशाळा. बोर्डाच्या आकारावर मर्यादा नाही, मुदत नाही, खातं उघडायची सक्ती नाही. एकदा बसवलं की नेट नसलं तरी चालतं. विंडोज, लिनक्स, मॅक, सगळीकडे.

आणि आपल्या महाराष्ट्रातलं *ई-सिम* : आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात हे तयार झालं. कायकॅड आणि एनजी-स्पाइस अशी मुक्त साधनं एकत्र आणून त्यांनी ते बांधलं आहे. म्हणजे सर्किट काढा, ते चालेल का हे पडद्यावर तपासा आणि मग बोर्ड काढा. आयआयटी मुंबईचाच स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रमही आहे. त्यात निरनिराळ्या मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे दृक्‌श्राव्य धडे आहेत आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये ते ऐकायला मिळतात. इंग्रजीच्या भीतीने मागे राहणाऱ्या आपल्या मुलांना याचा मोठा आधार आहे.

हे वाचताना मला पाबळ आठवलं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब आली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. खेड्यातलं मूल स्वतःच्या हाताने सर्किट बोर्ड करू शकतं का, हा प्रश्न त्यांनी आपल्या आधीच सोडवून ठेवला आहे. आपण फक्त सुरुवात करायची.

पाच प्रश्न विचारा

सॉफ्टवेअरची नावं बदलत राहतील. म्हणून नावापेक्षा हे पाच प्रश्न लक्षात ठेवा.

१. फुकट आहे, पण किती दिवस आणि किती आकारापर्यंत?
२. नेट नसताना चालतं का?
३. मुलाने काढलेलं चित्र त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये राहतं का? खातं बंद पडलं तरी उघडतं का?
४. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर आणि घरच्या सेकंडहँड लॅपटॉपवर चालतं का?
५. शिकायला आपल्या भाषेत काही आहे का?

कायकॅडला पहिल्या तीन प्रश्नांत पैकीच्या पैकी मिळाले. चौथ्यात थोडे कमी, कारण डाउनलोड एक जीबीच्या पुढे जातं आणि जुन्या कॉम्प्युटरवर उघडायला वेळ लागतो. मी घरी रात्री उतरवून पेन ड्राइव्हवर शाळेत नेलं. एक सूचना : सगळ्या कॉम्प्युटरवर एकच आवृत्ती टाका. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि मग मूल म्हणतं, "सर, माझं काम गेलं."

चुका संपल्या नाहीत

चांगलं सॉफ्टवेअर मिळालं म्हणून बोर्ड चांगला होत नाही बरं का! सरावासाठी आम्ही एलईडी चेसर घेतला. ५५५ आणि ४०१७ या दोन आयसी. चित्र सुंदर झालं. लेझर प्रिंट काढून इस्त्रीने शाई तांब्यावर उतरवली, फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड धुतला, भोकं पाडली. आणि ४०१७ बसेना!

झालं काय, प्रिंट काढताना 'पानात बसवा' हा पर्याय तसाच राहिला होता. चित्र थोडं आक्रसलं. आयसीच्या दोन पायांमध्ये २.५४ मिलिमीटर अंतर असतं. सोळा पायांच्या आयसीला एका बाजूला आठ पाय, म्हणजे पहिल्यापासून आठव्यापर्यंत १७.७८ मिलिमीटर. प्रिंट ९६ टक्के निघाली तर हेच अंतर जवळजवळ १७.०७ होतं. पाऊण मिलिमीटरचा फरक आणि सगळी मेहनत वाया. वर्गात मी हाच हिशेब फळ्यावर घातला. शेकडेवारी कशाला शिकायची असं विचारणारी मुलं त्या दिवशी गप्प बसली.

दुसऱ्या बोर्डला आयसी बसली, पण उलटी! कारण 'प्रिंट नेहमी मिरर करायची' असं कुणीतरी सांगितलेलं मी ऐकलं होतं. ते वरच्या थराला खरं आहे. एकेरी बोर्डवर तांबं खालच्या बाजूला असतं. सॉफ्टवेअर खालचा थर वरून, बोर्डच्या आरपार पाहिल्यासारखा दाखवतं. कागद तांब्यावर पालथा घातला की तो आपोआप उलटतो. मिरर केलं तर दोनदा उलटतो.

यावर त्या मुलीनेच उपाय काढला. तिने खालच्या थरावर स्वतःचं नाव टाकलं. म्हणाली, "सर, नाव कागदावर उलटं आणि तांब्यावर सुलटं दिसलं की बरोबर." आजही माझे विद्यार्थी हीच खूण वापरतात. दुसरी युक्तीही तिचीच : कागद थर्माकोलवर ठेवायचा आणि खरे पार्ट त्यावर टोचून पाहायचे. बसले तरच इस्त्री तापवायची.

आणखी दोन गोष्टी. ट्रान्झिस्टरच्या पायांचा क्रम सॉफ्टवेअरच्या यादीत वेगवेगळा असतो. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्या काही ट्रान्झिस्टरांत नेमका उलटा क्रम असतो. यादीतून नुसता 'एनपीएन' उचलू नका, नंबर पाहून उचला. आणि घरी इस्त्रीने बोर्ड करायचा असेल तर ट्रॅक एक मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका.

फेरिक क्लोराइडबद्दल पालकांसाठी : हातमोजे आणि चष्मा घाला, प्लास्टिकचं भांडं घ्या, धातूचं नको. कपड्यावरचा डाग जात नाही. वापरलेलं द्रावण गटारात ओतू नका, त्यात तांबं असतं. बाटलीत भरून, नाव लिहून ठेवा, ते पुन्हा पुन्हा वापरता येतं. आणि हे काम मोठं माणूस जवळ असतानाच करा.

दुकानातला प्रश्न

जानेवारीत विहिरीची घंटी नीट बोर्डवर तयार झाली. हिरवा रंग नव्हता, पण मागे वायरींचा गुंताही नव्हता. ती बोर्ड घेऊन दुकानात गेली, मीही सोबत गेलो. कारण मला तिच्या वडिलांशी वेगळंच बोलायचं होतं. दहावीनंतर तिला पुढे शिकवायचं नाही असं घरात चाललंय, हे माझ्या कानावर आलं होतं.

त्यांनी बोर्ड उलटसुलट पाहिला. बादलीत तारा सोडल्या, बाहेर काढल्या. बझर वाजला. ते हसले आणि म्हणाले, "सर, मोटारी जळल्याच नाही, तं मी खाऊ काय?"

आम्ही सगळेच हसलो. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की माझं विज्ञान तिथेच थांबलं.

"शेताले लाइट रातची राहते. मानूस घरी झोपेल राहतो. ही घंटी विहिरीवर वाजली, तं ऐकनार कोन?"

मी मुलीकडे पाहिलं, मुलीने माझ्याकडे. इतक्या महिन्यांत आम्हा दोघांच्याही हे लक्षात आलं नव्हतं. प्रदर्शनातल्या एकाही परीक्षकाने हे विचारलं नव्हतं.

तिचा चेहरा पडेल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "मग घंटी नको, मोटारच बंद करू."

वडिलांनी लगेच हात वर केला. "चारशे चाळीसले हात लावायचा नाही." बरोबरच होतं. मीही तेच सांगितलं, आणि तुम्हालाही बजावून सांगतो : घरगुती २३० व्होल्ट असो की शेतातले ४४०, शाळेच्या प्रकल्पात मुलांच्या हातच्या बोर्डवर ते येता कामा नयेत. शेवटी असं ठरलं की आमचा बोर्ड १२ व्होल्टवरच राहील. त्यातून फक्त इशारा बाहेर जाईल. पुढचा मोठा रिले आणि स्टार्टर वडील स्वतः पाहतील.

आता सॉफ्टवेअर निवडण्याचा मुद्दा इथे येतो. झिरो पीसीबी असती तर सगळं उखडून पुन्हा जोडावं लागलं असतं. चित्र दुसऱ्याच्या खात्यात असतं तर नेट येईपर्यंत थांबावं लागलं असतं. तिच्याकडे मात्र पेन ड्राइव्हमध्ये तिची फाइल होती आणि मावसभावाचा जुना लॅपटॉप होता. त्याच रात्री तिने बझर काढला, त्या जागी तीन पिनांचा कनेक्टर घातला आणि पुरवठ्याचा ट्रॅक रुंद केला. बॅटरीची जागा अडॅप्टरला दिली. सकाळी शाळेत आली ती नवी प्रिंट मागायलाच.

तेव्हा मला कळलं. पहिला बोर्ड कुठल्याही साधनाने होतो. साधनाची परीक्षा होते ती दुसऱ्या बोर्डला, जेव्हा कुणीतरी म्हणतं, "चांगलं आहे, पण असं नाही, तसं पाहिजे." मुलाला चूक दुरुस्त करायला पैसे पडत नसतील, परवानगी लागत नसेल, नेटची वाट पाहावी लागत नसेल, तर ते दुरुस्त करतं. नाहीतर सोडून देतं.

किंमत

तो बोर्ड वडिलांनी दुकानातल्या टाकीवर महिनाभर चालवून पाहिला. मधे एकदा बंद पडला. पाण्यातल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या. एकाच दिशेने सतत वीज गेली की तारेचं टोक झिजतं, हे विद्युत अपघटन दहावीच्या पुस्तकात आहे. तिने ते टाकीत पाहिलं. तारेच्या जागी स्टीलच्या सळया आल्या. हिरवटपणा कमी झाला, पण पूर्ण थांबला नाही. काम अजून बाकी आहे.

मी तिच्या वडिलांना कायकॅड फुकट आहे असं सांगितलं, तेव्हा त्यांना ते पटलं नव्हतं. "फुकटाच्या वस्तूले किंमत नसते, सर. पैसे लागले तं सांगा, पन तिले चांगलं शिकवा." त्या माणसाने हे बोलल्यावर दहावीनंतरचा विषय काढायची मला गरजच पडली नाही. चहा घेतला आणि निघालो. आज ती डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. बोर्डमुळे गेली असं मी म्हणणार नाही. तिच्या आईनेही घरात बरंच भांडण केलं होतं, असं नंतर कळलं.

फुकटाला किंमत नसते हे त्यांचं म्हणणं मात्र माझ्या मनात राहिलं. किंमत असते, पण ती पैशात नसते. एका फ्रेंच शिक्षकाची वर्षं त्यात आहेत, आयआयटीतल्या मुलांचे उन्हाळे आहेत, नाव माहीत नसलेल्या कितीतरी लोकांच्या रात्री आहेत. आपण ती किंमत फेडायची कशी? क्रॅक न वापरून, आणि आपल्याला जे जमलं ते पुढच्याला मोकळेपणाने शिकवून.

उद्यापासून काय करता येईल

शिक्षकांसाठी : सहावी-सातवीला टिंकरकॅडने सुरुवात करा. आठवीपासून कायकॅड. पहिला बोर्ड एका एलईडीचा, एका रेझिस्टरचा, एका कनेक्टरचा असू द्या. आठवड्याला दोन तास दिले तर महिना-दीड महिन्यात मुलं स्वतःचा बोर्ड काढतात. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांना साधनं सोपी पडतील. नसेल तरी एक कॉम्प्युटर, एक इस्त्री आणि जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातला लेझर प्रिंटर पुरतो.

पालकांसाठी : महागडा कोर्स किंवा किट घेण्याआधी मुलाला विचारा, "तुला काय बनवायचंय?" उत्तर आलं तर सॉफ्टवेअर फुकटात मिळेल. उत्तर आलं नाही तर लाखाचं सॉफ्टवेअरही त्याला काही सुचवणार नाही. आणि मूल बोर्ड घेऊन आलं की नुसतं 'शाब्बास' म्हणू नका. त्या वाइंडिंगवाल्या बापासारखा एक खरा प्रश्न विचारा.

तो पेन ड्राइव्ह अजून माझ्या कपाटात आहे. कॉम्प्युटरवाल्याला परत द्यायला गेलो होतो, तो म्हणाला, "राहू द्या सर, तुमच्याचकडे." मग मी तो पूर्ण पुसला आणि त्यात कायकॅड भरलं. आता दरवर्षी तो वर्गात फिरतो. कुणी विचारलं की "सर, यात क्रॅक आहे का?", तर सांगतो, "नाही रे, याला कुलूपच नाही."